तीन प्रती

मोन्शीकच्या डोंगरात
देओलिंडाची विहीर आटली.
अर्ज तीन प्रतींत लागेल, म्हणाला
कचेरीतला तेल्मो.

कागद निघाला भट्टीतल्या पावासारखा ऊन,
ऐंशी ग्रॅमचा, पांढराफेक.
तिनं हुंगून पाहिला.
कसलाच वास नाही.

घरामागच्या उतारावर मात्र
निलगिरी एवढी, की
वाळत घातलेली चादरसुद्धा
सर्दीच्या बामासारखी येते घरात.
आईच्या वेळी तिथं बुचाचे ओक होते,
नऊ वर्षांनी साल द्यायचे
आणि तिथंच असायचे.

"पाठकोऱ्यावर छाप ना," ती म्हणाली.
"नियमात बसत नाही."
प्रिंटरशेजारी
पाठकोऱ्यांचा हा एवढा गठ्ठा.

तिसरी प्रत तिची.
घरी येऊन तिनं ती पोहऱ्यात ठेवली
आणि दोर सोडला,
सोडत राहिली.