नाकासमोर

औलूमधला फेब्रुवारी. बाहेर उणे एकवीस,
आत विद्यापीठाची जुनी व्यायामशाळा:
जमिनीवर बास्केटबॉलच्या पुसट रेघा
आणि छताला बारा कॅमेरे,
लाल ठिपक्यांनी जागे.

माझं काम सोपं.
चष्मा चढवलेल्या माणसामागून मोज्यांवर चालायचं,
तीन मीटरची वायर सैल ठेवायची
आणि तोंड उघडायचं नाही.
संगणक माझ्या पाठीवर असतो.
म्हणजे पुढचा माणूस जी दलदल बघतो,
जुलैमधली,
पांढऱ्या गवताची बोंडं, पाण्यावरून गेलेली फळ्यांची वाट,
लांब कुठेतरी क्रौंचांची जोडी,
ती अख्खी दलदल माझ्या पाठीवर
घूं घूं करत तापत असते.

फळ्यांची वाट सरळ आहे. चारशे मीटर, अगदी नाकासमोर.
शाळा जेमतेम सत्तावीस मीटर.
या दोन आकड्यांमधली फट
तुइरेने तीन वर्षं खपून बुजवली:
पावलागणिक दृश्य केसभर डावीकडे सरकवायचं,
माणूस आपण होऊन केसभर डावीकडे वळतो
आणि वळलो हे त्याच्या गावी नसतं.

तीस जणांना कळलं नाही.
एक सुतार चष्मा काढल्यावर
दार कुठे गेलं म्हणून चारही भिंतींकडे बघत राहिला.
एक मुलगी थोडं रडली.
का, ते विचारायला फॉर्मवर जागा नव्हती.

एकतिसावी हेल्वी त्योर्मानेन, वय एकाहत्तर,
निवृत्त पोस्टमन (पोस्टवुमन म्हणा, ती म्हणाली,
किंवा काहीच म्हणू नका).
तिने कोट घडी करून खुर्चीवर ठेवला,
केस कानामागे घेतले
आणि निघाली, जशी रोजच निघत आली असावी.
अडखळली नाही. हात पुढे केले नाहीत.
मी मागे,
माझ्या पाठीवर तिचा उन्हाळा.

नंतर तुइरेने विचारलं: वळल्यासारखं वाटलं?
डावीकडे, उजवीकडे, सांगता येत नाही?

पाच फेऱ्या, हेल्वी म्हणाली. आणि वर थोडं.

तुइरेचं पेन थांबलं.

दर एकशे सोळा पावलांनी
उजव्या गालाला ऊब लागत होती.
दलदलीत रेडिएटर नसतो, बाई.
चौतीस वर्षं टपाल वाटलं मी.
डिसेंबरात घर डोळ्यांना दिसायच्या आधी
गालाला कळतं.

मग थांबला का नाहीत?

थांबून कुठे जायचं होतं?
जुलै होता.

त्या रात्री तुइरे उशिरापर्यंत आलेख बघत बसली.
तीस ठिपके एका ओळीत, शहाण्या मुलांसारखे,
आणि एक वर, एकटा.
मी म्हटलं, हाच तर शोध आहे.
ती म्हणाली, ही चूक आहे, खोलीची.
मी म्हटलं, खोली कधी चुकते का?
ती म्हणाली, तू वायर धर.

हेल्वी आता प्रबंधात आहे,
पान अठ्ठ्याऐंशी, तळटीप, बारीक अक्षरात, नावाशिवाय.

आणि बत्तिसाव्यापासून रेडिएटर बंद.
लोक कोट घालून उन्हाळ्यात चालतात.
त्यांच्या तोंडून वाफ निघते.
त्यांना निळं आकाश दिसतं,
मला वाफ दिसते,
गोल गोल जाणारी, नाकासमोर जातोय असं समजणारी.
मी काही बोलत नाही. ठरलंय तसं.

फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते: इतर काही.
बहुतेक जण रिकामी सोडतात.
हेल्वीने ती भरली होती,
पत्ते लिहिणाऱ्या हाताच्या ठसठशीत अक्षरात:

मागून चालणाऱ्या मुलाच्या डाव्या मोज्याला भोक आहे.
फरशीवर अंगठा चिकटतो, आवाज येतो.
लोकरीचे घेऊन द्या.

मी खाली बघितलं.
होतं.