तीन वर, एक खाली

कोविल्यात डोंगरावरून दोन ओढे उतरतात,
दोन्हींच्या काठांनी बंद गिरण्या.
त्यांतल्या एका गिरणीत एर्मीनिउ ताबोर्दा
एकतीस वर्षं लोकरीच्या कापडाचे नमुने आखायचा.
आधी चौकटीच्या कागदावर, पेन्सिलीने.
मग मालकांनी कॉम्प्युटर आणला,
म्हणाले, कागद आता जाळून टाक.
त्याने जाळले. थंडीचे दिवस होते.

सहाशे बारा नमुने, एका डिस्कवर.
डिस्क त्याची, नमुने त्याचे,
फक्त लिपी कंपनीची. तिथेच मेख.
कंपनी विकली गेली,
विकत घेणारीही विकली गेली,
आणि ती निळी किल्ली, मशीनच्या पाठीत खोचायची,
एका जुलैत तापून मेली.
फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली,
असलं काही आम्ही कधी बनवतच नव्हतो.

डिस्क त्याने इरियाच्या टेबलावर ठेवली,
भाजक्या चेस्टनटच्या पुडीच्या कागदात गुंडाळून.

इरिया नगर वाचनालयातली मशीनं दुरुस्त करते
आणि रात्री, पगाराशिवाय,
मागासाठी एक मुक्त प्रोग्राम लिहिते.
लोक त्याला फुकट म्हणतात.
"फुकटचंच ते, माझी फाइल कुठली उघडायला!"
तिने उत्तर द्यायचं सोडलंय.
कुलूप लावून एक जण पसार,
आणि दार उघडत नाही म्हणून बोल सुताराला.

फाइलच्या आत नुसत्या मुंग्या.
रांगच्या रांग,
ना वारूळ दिसतं ना साखर.

दुसऱ्या दिवशी म्हातारा पिशवी घेऊन आला.
पिशवीत कापडाचे तुकडे, तळहाताएवढे,
प्रत्येकाच्या पाठीवर नंबर.
"हे नाही जाळले," म्हणाला,
"लोकर जळताना फार घाण वास येतो."

मग तो भिंग डोळ्याला लावून मोजायचा:
तीन वर, एक खाली.
तीन वर, एक खाली. थांब, दोन वर.
आणि ती आकड्यांच्या रांगेत बोट फिरवत शोधायची
कुठे तीन येतात आणि मागोमाग एक.
ताणा नोव्हेंबरात सापडला.
बाणा नाताळच्या सुटीत, वाचनालयाचं हीटर बंद असताना,
दोघांच्या अंगावर कोट.
रंग सापडले ते उलटे,
निळ्याच्या जागी लाल, लालाच्या जागी निळा,
एर्मीनिउ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

नमुना क्रमांक दोनशे चार.
पडद्यावर सगळा नीट आला,
फक्त अठ्ठेचाळिसाव्या ओळीत एक धागा
खाली जायचा तिथे वर.
इरियाने आपला कोड तीनदा उसवला,
तीनदा विणला. चूक जाईना.
शेवटी त्याने दोनशे चारचा तुकडा काढला,
भिंग टेकवलं
आणि बराच वेळ डोळा उचललाच नाही.

"तुझी नाही," म्हणाला. "माझी.
शहाण्णवचा मार्च. रात्रपाळी.
नऊशे मीटर असंच विणलं गेलं,
त्याचे कोट झाले, पोर्तोला खपले,
कोणाच्या बापाला कळलं नाही."

तिचा हात कीबोर्डवर गेला, सवयीने.
"राहू दे," म्हणाला. "जसं आहे तसं उघडलंय ना?
मग बरोबर उघडलंय."

आता त्या लिपीची बाराखडी इरियाने लिहून काढलीय.
अठरा पानं, ज्याला हवी त्याने न्यावी:
कुठल्या घरात रुंदी, कुठल्यात रंग,
चूक कुठे जशीच्या तशी ठेवायची.
सोळा बाइट अजून बोलत नाहीत.
तारीख असेल, कुलपाची खूण असेल,
किंवा नुसतीच कोणीतरी अडवून ठेवलेली जागा.
त्यांच्यापुढे तिने लिहिलंय, माहीत नाही,
आणि खाली चार बोटं कोरं सोडलंय.