वही क्रमांक एकोणीस

पहिल्या अठरा वह्या कपाटावर, बुटांच्या खोक्यात.
रेल्वेचा सिग्नल सांभाळत होतो तेव्हाची सवय:
समोरून जाईल ते नोंदवायचं.
तारीख, गाव, पब, पिंप उघडून किती दिवस झाले,
आणि शेवटच्या रकान्यात
चव.

क्र. ४,११२. हॅलिफॅक्स. काळी स्टाउट.
जळक्या टोस्टची कड, ज्येष्ठमध, विझलेला कोळसा.

क्र. ७,९०६. स्किप्टन, गुरांच्या बाजाराचा दिवस. फिकी एल.
संत्र्याची साल. शेवटी साबण.
नळ्या नीट धुतल्या नाहीत, असं मालकाला सांगितलं.
मालकाने दार दाखवलं.

खोटं कशाला बोलू, नाकाने कांदे सोलायचो मी.
डोरीन सोबत यायची, अर्धा पाइंट शँडी पुढ्यात घेऊन
शब्दकोडं सोडवायची.
"सात अक्षरी, शेवटी 'र'," ती विचारायची.
थांब, म्हणायचो,
तोंडात घोट आहे.

ती गेली त्याच्या तिसऱ्या फेब्रुवारीत मला ताप आला.
नवव्या दिवशी उतरला,
जाताना नाक घेऊन गेला.
डॉक्टरीण म्हणाली, वास परत येईल.
किंवा नाही येणार.
लवंग हुंगली. व्हिनेगर हुंगलं. बूटपॉलिश.
खुंटीवरचा डोरीनचा कोट हुंगला,
तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो.

मे महिन्यात तरीही बसने टॉडमॉर्डनला गेलो,
पाय आपले आपणच निघाले.
"शटल"मध्ये ग्लेनिसने हातपंप ओढला,
तीन लांब ओढी, चौथी आखूड.
फेस बसू दिला. ग्लास खिडकीकडे धरला:
तांबूस, नितळ, काही खोट नाही.

प्यालो.
गार. ओलं. जिभेच्या मुळाशी कडू.
धुक्यातून मालगाडी जावी तसं:
खडखडाट आला, डबे मोजता आले,
इंजिनाचा नंबर दिसला नाही.

पेन रकान्यावर थांबलं. ग्लेनिसने ते पाहिलं.
अकरा वर्षं मी तिच्या तळघराच्या चुका काढत आलो होतो.
तिने स्वतःसाठी बोटभर ओतली, डोळे मिटले.
"लिही. पावसात भिजलेलं कुत्रं घरात आलंय,
आणि शेजारी कुणीतरी मार्मलेड करतंय."

असं कुणी लिहीत नाही, मी म्हणालो.

"लिही."

शेजारच्या स्टुलावर छपरं शाकारणारा बोहदान,
ज्याचे आजोबा युक्रेनहून इथल्या गिरणीत आले,
तो म्हणाला, कुत्रं कुठलं? मेंढी!
ग्लेनिस म्हणाली, तुझ्या जिभेला हाड नाही आणि अक्कलही नाही.
डार्ट खेळणाऱ्यांना बोलावलं. एकेक घोट फिरला.
तीन मतं कुत्र्याला, दोन मेंढीला,
एक जण म्हणाला, मावशीचा सोफा,
ज्या वर्षी नदी घरात शिरली त्या वर्षीचा.
मी लिहीत गेलो. रकाना भरला,
समासात गेलो, पान उलटलं.
माझा ग्लास मात्र रिकामा झाला होता
आणि पैसे कुणी द्यायचे यावर नवीन भांडण सुरू झालं.

रात्री खुर्चीवर चढून खोकं काढलं.
गुडघा कुरकुरला.
कधीतरी डोरीनने माझ्या ग्लासातला घोट घेतला होता,
एकदाच, विचारल्यावाचून,
आणि काहीतरी म्हणाली होती. मी हसलो होतो.
दीड वाजता सापडलं, वही अकरा,
क्र. ५,२८८. किथली. जुनी एल, लाकडी पिंप.
माझ्या अक्षरात:
किंचित बुरशी. नापसंत.

पेन्सिलीला टोक केलं. शेजारी लिहिलं:
डोरीन: आपल्या जिन्याखालचं कपाट.