उत्तरदाता क्रमांक चार

दहा मुलं जमल्याशिवाय आर्ट्सचा वर्ग उघडत नाही,
सोहारच्या शाळेचा नियम.
एप्रिल लागला तेव्हा नऊ होती.
दहावा जोबिन, कॉमर्समधून उठून आला,
अकाउंट्सला कंटाळून की नसीबाच्या मागोमाग,
कोणी खोदून विचारलं नाही. गरजेचा माणूस.

खोली मिळाली लॅबच्या मागची.
तिथं एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
राज्यशास्त्राच्या तासाला
बादली ओतायच्या पाळ्या ठरल्या, बहुमताने.

मंडळाच्या कोजागिरीला
आटीव दुधाचा कागदी पेला हातात धरून
गाडगीळांनी आवाज खाली आणला:
मार्क कमी पडले का हो ऋजुताला?
त्र्याण्णव होते. सांगितले नाहीत.
म्हटलं, आवड आहे तिची.
ते ‘अच्छा’ म्हणाले,
कुणाच्या ऑपरेशनचं कळल्यावर म्हणतात तसं.

त्यांना कशाला हसू.
फॉर्मवर सही करताना मीसुद्धा
पेन दोनदा झटकलं होतं.
पेन चालत होतं.

रात्रपाळी करून येतो तर ही टेबलाशी, पुस्तक उघडं.
बाबा, चार हजार वर्षांपूर्वी
इथलं तांबं आपल्याकडं जायचं,
आपल्याकडचे रांजण इथं यायचे,
काळ्या मातीचा जाड लेप दिलेले.
मग स्वतःलाच थांबवते:
श्रीलेखा मिस म्हणतात, ‘आपल्याकडं’ म्हणायचं नाही,
तेव्हा ‘आपण’ कुठं होतो.
आत काय असायचं? मी विचारतो.
ते कुणालाच माहीत नाही.
‘लोणचं,’ ओट्यापाशी पाठमोरी हिची आई म्हणते,
‘नाहीतर एवढा लेप कशाला लावेल कोणी?’
ऋजुता हसली.
पण समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं मी पाहिलं.
माळ्यावरच्या बॅगेत बरणी आहे अजून,
तीन पदर टेप गुंडाळलेली,
मस्कतच्या कस्टमवाल्यानं हलवून बघितलेली.

मग समाजशास्त्राचा प्रकल्प आला. स्थलांतर.
पाच मुलाखती हव्यात.
कॅफेटेरियाचा कुट्टी झाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर झाला,
नसीबाची मावशी झाली.
शुक्रवारी दुपारी मोबाइल बशीत उभा करून
माझ्यासमोर बसली, केस बांधून,
आणि मला ‘तुम्ही’ म्हणाली वेगळ्याच आवाजात.

नाव लिहायचं नसतं. उत्तरदाता क्रमांक चार.
पुरुष. वय एकोणपन्नास. शिक्षण आयटीआय, वायरमन.
तुम्हाला तिकडून ढकललं गेलं
की इकडून ओढलं गेलं?
दोन खाने असतात, पुश आणि पुल.
मी सांगितलं.
सूतगिरणी बंद पडली, हे पहिल्यात लिही.
भावोजींनी व्हिसाची झेरॉक्स पाठवली, ते दुसऱ्यात.
आणखी काही?

आणखी एक सकाळ होती.
गल्लीच्या नळाशी दाढी करत होतो,
येणारा-जाणारा विचारत होता, काय, कधी सुरू होतेय गिरणी?
तोंडाला फेस, आणि मनात आलं,
जिथं मला एकही माणूस ओळखत नाही
अशा ठिकाणी दाढी करायला काय बरं वाटेल.
कुणी ढकललं नव्हतं. ओढतही नव्हतं कुणी.
घरी बायको होती, तू पोटात होतीस.

हे बोललो नाही.
म्हटलं, आणखी काही नाही.

परवा तिनं छापील कागद आणून दिले.
माझंच बोलणं, माझ्याच अडखळण्यासकट.
तिसऱ्या पानावर कंसात:
(उत्तरदाता अकरा सेकंद गप्प.)
एवढे मोजले होते तिनं.
शेजारी पट्टीनं आखलेला तिसरा खाना,
वर मथळा नाही.

खाली संमतीची ओळ, सहीसाठी टिंबं.
सोमवारी द्यायचंय, बाबा.
म्हटलं, वाचून करतो.
सोमवार होऊन गेला.
मिसकडून दोन दिवस मागून घेतलेत तिनं,
मला काही बोलली नाही.
वाचतोय अजून.