पाणी म्हणताना

आटपाडीचा शेळ्यांचा बाजार उठल्यावर
लेंड्या झाडून आम्ही स्टेज मांडलं,
दोन बैलगाड्या, वर फळ्या. कर्णे लिंबाला बांधले.
अत्तार साऊंड सर्व्हिस, भाडं चाळीस रुपये, बॅटरी वेगळी.

जोतीराम तात्या तेव्हा नुसता जोतीराम होता,
पायात दुसऱ्याच्या वहाणा, पंचायत समितीचा उमेदवार.
पहिल्याच वाक्यात 'पाणी' म्हणाला
आणि माईकमध्ये प फुटला.
भप्प.
पोरं हसली. एक म्हातारं दचकून उठलं.
पुन्हा पाणी, पुन्हा भप्प.
पैसा, पक्ष, पंचायत, हे प कधी फुटले नाहीत.
का, ते मला अजून उमगलं नाही.

माईकला रुमाल गुंडाळला, भागेना.
मग चाकाजवळ उभं राहून हळूच सांगितलं,
'तो शब्द आला की तोंड जरा बाजूला घ्या.'
घेतलं. करगणीच्या माळाकडं बघत म्हणाला, पाणी,
आणि शब्द गुळगुळीत गेला, पार वेशीपर्यंत.

सभापती झाले. मग आमदार,
एकदा अपक्ष, दोनदा चिन्हावर,
एकदा ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच चिन्हावर.
सूतगिरणीचे चेअरमन. गिरणी बंद पडली तरी चेअरमन.
आणि दर सभेत त्या शब्दाला मान डावीकडं.
पेपरात आलं, 'नेत्याची नजर क्षितिजावर'.
सांगलीच्या फोटोवाल्यानं नेमकं तेच टिपलं,
तो फोटो बॅनरवर, कॅलेंडरवर, डाळिंबाच्या खोक्यावर.
तरणे कार्यकर्ते तशीच मान वळवायला लागले.
मी बोललो नाही. धंद्यातली गोष्ट.

पुढं स्पंजच्या टोपीचे माईक आले.
म्हटलं, तात्या, आता सरळ बोला, काही होत नाही.
विट्याच्या सभेत सरळ बघितलं त्यांनी.
पहिल्या रांगेत बाया बसल्या होत्या.
शब्द घशातच राहिला.
पुन्हा मान डावीकडं.

कालवा आला तेव्हा बटण दुसऱ्यानंच दाबलं.
साऊंड कोल्हापूरचा होता.
त्याच साली तात्या पडले, अकरा हजारांनी.

परवा गेलो होतो घरी.
अठ्ठ्याऐंशीच्या सभेचे दोनशे साठ राहिलेत,
ते मागायला नव्हे. वही मात्र पिशवीत होती.
खाटेवर होते. ओळखलं.
'अत्तार, आवाज येतोय का रं?'
येतोय, म्हटलं.
मग सुनेला हाक मारली
आणि पाणी आण म्हणताना
तोंड भिंतीकडं केलं.

तांब्या आला. गार होतं.
कालव्याचं की बोअरचं, मी विचारलं नाही.