आउट काढताना

जुन्या बाजारात, बुधवारी,
इस्त्र्या आणि पंख्याच्या पात्यांखाली ती सापडली.
नुसता सांगाडा आणि चिमटा.
"रेसची आहे ताई, फॉरेनची," मोईन शिकलगार म्हणाला.
"आणि हे?"
मागच्या नळ्यांना डागलेले सळईचे दोन हूक,
ओबडधोबड.
"दुधाचे कॅन लावायचा कुणीतरी. कापून टाका."

एकोणतीस वर्षं मी भोसरीत
तपासणी खात्यात होते.
व्हर्नियर माझा, लाल चिठ्ठी माझी.
शतांश मिलिमीटरला मी नाही म्हटलेलं आहे.
दुरुस्त मात्र काहीच केलं नाही,
ते खातं वेगळं होतं.

सीटचा पाइप नळीत गंजून बसलेला.
ॲल्युमिनियम आणि पोलाद, जुनं लग्न.
डिझेल, उकळतं पाणी, मग अमोनिया.
बाराव्या दिवशी तो पिल्लासारखा केकाटला
आणि बोटभर फिरला.
मीही ओरडले.
खालच्या खरेबाईंनी बेल वाजवली.

रंग खरवडला. पोपटी, त्याखाली मोरपिशी,
त्याखाली एक केशरी, ज्याचं नाव मला येत नाही.
आडव्या नळीच्या पोटाला
रंगच नव्हता. चपटं, गुळगुळीत.
ओजस म्हणाला, चिखलातल्या शर्यती असतात, आत्या.
चाक चालत नाही तिथे उतरायचं,
हिला खांद्यावर घ्यायचं आणि पळायचं.
म्हणून तारा वरून नेल्यात.

म्हणजे ही चालणार नाही अशी जागा
कुणीतरी बनवतानाच हिशेबात धरली होती.
आमच्या ड्रॉइंगवर
असलं माप कधी आलं नाही.

"मूळ रूपात आणू," ओजस. हातात कॅटलॉगचं पान.
कुठल्या मूळ रूपात?
चिखलातल्या, की पहाटे साडेचारच्या,
दोन्हीकडे वीस-वीस लिटर,
खडकीच्या रस्त्याला दिवा नसलेल्या?
तो सांधा मी भिंगाखाली धरला.
फुगे आलेले, रेघ वाकडी.
शंभर वेळा नापास केला असता.
त्याने चाळीस लिटर धरलं.

वाकडं हँडल काढलं, मानेसाठी.
नाना पेठेतून चोवीस दात्यांचं चक्र आणलं, गुडघ्यासाठी.
ब्रेकचा तुटका खुंट
तांबट आळीत वडक्यांनी पितळ वितळवून जोडला.
पैसे विचारले तर माझ्याकडे असं पाहिलं
की मी दुप्पट दिले.
डावा हूक कापला,
खांद्यावर घेतली की कमरेत घुसतो.
उजवा राहिला.
ओजस दोन दिवस बोलला नाही.

मग मागचं चाक. आउट काढायला बसले.
या आऱ्याला पाव फेरा, त्या आऱ्याला पाव,
एक ऐकली की समोरची रुसते.
रात्री एक वाजता अर्धा मिलिमीटर उरला.
ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्यांचं पुडकं अजून आहे.
दिवा मालवला.

वेताळ टेकडीवर, खाणीच्या बाजूने,
सुट्या मुरमावर चाक घसरतं तिथे मी उतरते.
हिला खांद्यावर घेते. पळत नाही, चालते.
समोरून येणारा प्रत्येक जण थांबतो:
"बिघडली का हो?"
पहिल्या आठवड्यात समजावून सांगायचे.
आता नुसतं हो म्हणते.

उतारावर उजव्या हुकाला
मेथीच्या दोन जुड्या,
आणि मागचं चाक
दर फेऱ्याला एकदा
ब्रेकला हात लावून जातं.