तिसरा हात

भवानी पेठेतून टेम्पोत आलं सागवान.
दोन दारं, एकाच ओंडक्याची म्हणे.
मला तर ती सख्खी वाटेनात:
डावं सगळं गाभ्याचं, मधाच्या रंगाचं,
उजव्याच्या कडेला चार बोटं पट्टा,
सुतार ज्याला नुसतं पांढरं म्हणतात.

आगाशे म्हणाले, "रंग एकसारखा हवा."
वेधशाळेत पस्तीस वर्षं आभाळ मोजलेला माणूस.
आभाळाला असं कधी बजावलं नसेल.

शिकलगारचाचांनी मला घासायला बसवलं.
ऐंशी नंबर, एकशेवीस, मग दोनशेवीस,
रेषेच्या अंगानं.
आडवा हात गेला की चाचा बोलत नाहीत,
फक्त बिडी विझवतात.
"जिथं कंटाळशील,
तिथं रंग तुझं नाव सांगेल."

फळीच्या तोंडाशी लाकूड तहानलेलं.
त्याला आधी पातळ चपडी,
मग ते बेतानं पितं,
नाहीतर अधाशी, काळं पडेस्तोवर.
पांढऱ्याला वेगळी वाटी:
स्पिरिटात चिमूटभर गेरू, त्याहून कमी रामरज,
काजळी सुईच्या टोकावर येईल एवढीच.
बारीक ब्रश. थांबायचं. पुन्हा ब्रश.
"सुकलेल्यावर विश्वास ठेवू नको,
ओलं असताना दिसतं, तेच शेवटी राहतं."

भाद्रपद होता. सकाळी सातला फोन:
"आगाशे बोलतोय. आर्द्रता एक्क्याण्णव."
चाचा म्हणायचे, मग आज नको,
दमटात चपडी धुरकटते.
असे नऊ दिवस आम्ही
हवेच्या परवानगीची वाट पाहिली
आणि चहा त्यांच्याकडेच प्यायलो. अर्धा कप.

दुसऱ्या हातानंतर आगाश्यांनी पाटी लावली,
वळणदार अक्षरात:
"ओल्या पॉलिशला हात लावू नये.
लावल्यास पुढचा हात लावला जाणार नाही."
घरात ते एकटेच.

सकाळी उजव्या दारावर, नेमकं पांढऱ्यापाशी,
चार बोटं उमटलेली.
कोणी काही विचारलं नाही.
आगाशे गॅलरीत जाऊन ढग बघत बसले.
चाचांनी बोचक्यात स्पिरिट घेतलं,
आठाच्या आकड्यात, हलक्यानं,
जणू झोपलेल्याच्या पाठीवरून,
आणि बोटं विरघळली.
मग तिसरा हात.

कपाटात आता त्यांच्या वह्या आहेत,
नवी पेठेतल्या एकाच गच्चीवरचा पाऊस,
मिलिमीटरमध्ये, रोजचा.
पैसे मोजताना त्यांनी दोनदा दारांकडे बघितलं.
"एकसारखं झालंय," म्हणाले,
आणि पन्नास रुपये कापले,
"पाटीच्या शाईचे."

चाचा जिन्यात खूप हसले.
मी नाही. दुपारी चारच्या तिरप्या उन्हात
मला ती बोटं दिसली होती.
तेव्हा सांगितलं नाही,
अजूनही सांगितलेलं नाही.